बधिर अंगाला डोळ्यांचा पहारा

बाळ, अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, ‘चालायला लागला का?’ चालायला लागला की पेढे वाटतात आणि पाहुणे यायचे थांबतात. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. हात आहे, पण कुठे आहे ते बघितल्याशिवाय कळत नाही. पाय टेकतो, पण खाली फरशी आहे की पायपुसणं, पत्ता लागत नाही. सकाळी उठताना अख्खी बाजू आखडलेली. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ‘आता तर बरा झालास की’ एवढंच ऐकून घ्यायचं. तुझ्याआधी मी या वाटेनं गेले. तुझी डावी बाजू गेली, माझी उजवी, म्हणजे कात्रीचा हात. जन्मभर शिवणकाम केलेल्या बाईला बोटांत कापड आहे की नाही हेच कळेना, म्हणजे काय होत असेल ते तुला सांगायला नको. त्यातून जे उमगलं ते सांगते. वहिनी, तुम्हीही बसा जवळ. यातलं अर्धं तुमच्यासाठी आहे.

पहिल्यांदा हे मनात पक्कं कर, की बिघाड हातात नाही, मेंदूत आहे. कातडीची खबर मेंदूत जिथून पुढे जाते तो थॅलॅमस नावाचा भाग किंवा त्याच्या आसपासच्या वाटा दुखावल्या की हात शाबूत असूनही खबर पोचत नाही. आखडण्याचंही तेच. स्नायूंना ‘सैल राहा’ असा जो निरोप मेंदूकडून सतत येत असतो तो कमी पडतो, आणि स्नायू आपल्या मनानं ताठ होतात. म्हणून तेल चोळून बधिरपणा जाईल या आशेवर बसू नकोस. तेल लाव, मीही लावते. महानारायण असो की घरचं तिळाचं, कोमट करून सावकाश चोळलं की आखडलेलं अंग घटकाभर सैल होतं. पण व्यायामाच्या आधी लाव आणि तळपाय नीट पुसल्याशिवाय फरशीवर उभा राहू नकोस.

बधिरपणात सगळ्यात मोठा धोका गरम वस्तूंचा. भाजतं, फोड येतो आणि संध्याकाळपर्यंत आपल्याला खबर नसते. आंघोळीच्या पाण्यात बधिर हात घालून ‘ठीक आहे’ म्हणायचं नाही. चांगल्या हाताचं कोपर बुडवून बघायचं. बादलीत आधी गार पाणी, मग वरून कढत, हा क्रम घरात सगळ्यांनी पाळायचा. रबरी पिशवीचा शेक, तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, हे सगळं बधिर अंगाला दुसऱ्याच्या हातानं आणि आधी त्याच्या गालाला लावून बघून. झोपताना पिशवी अंगाखाली तर अजिबात नको. चहा स्टीलच्या फुलपात्रातून नको, कानाच्या कपातून घे आणि चांगल्या हातात धर. चैत्रात जोतिबाला गेलास तर डोंगरावरची दगडी फरशी तव्यासारखी तापलेली असते. तिथं जाड मोजे घाल. देव मोज्यांवर रागावत नाही, मी विचारून घेतलंय.

चपलेची गोष्ट कुणी सांगत नाही. बधिर पायातून अंगठ्याची चप्पल निघून जाते आणि आपण अर्धा रस्ता अनवाणी चालतो, मागून कुणी हाक मारली तर कळतं. तेव्हा मागून पट्टा असलेली सँडल घ्यायची, एक आकडा मोठी, वेल्क्रोची. घालायच्या आधी ती उलटी करून झटकायची. आत खडा असला तर तुला टोचणार नाही, फक्त जखम करून जाईल. दिवे लागले की खुर्चीत बसून पाय मांडीवर घ्यायचा आणि बघायचा. टाच, बोटांच्या बेचक्या, नखांचे कोपरे. तळवा दिसत नसेल तर छोटा आरसा खाली धरायचा. तुला साखरही आहे, म्हणजे दुहेरी काळजी. डाव्या बोटातली अंगठी काढून ठेव. हात लोंबता राहिला की सुजतो, आणि बधिर बोटाला अंगठी रुतल्याचं कळत नाही. बसताना हात मांडीवर किंवा उशीवर, नजरेसमोर असू दे. झोपताना त्याच्यावर कुशी पडत नाही ना, ते वहिनींनी एकदा बघायचं.

रात्री उठताना दिवा लावल्याशिवाय पाय खाली टाकायचा नाही. ‘माझं घर आहे, अंधारातही जाईन’ ही ऐट आता सोड. ज्या पायाला जमीन कळत नाही त्याला डोळ्यांनी जमीन दाखवावी लागते, आणि अंधारात तेही जमत नाही. न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर बारीक दिवा कायम असू दे. पायपुसणी आणि सतरंजीचे दुमडलेले कोपरे उचलून टाका. न्हाणीत भिंतीला पकडायला दांडा बसवा, आणि तो तुझ्या उजव्या हाताला येईल असा. गवंडी आपल्या सोयीनं बसवतो, म्हणून खडूनं खूण करून द्यायची.

तुझी डावी बाजू गेली, म्हणून आणखी एक. मेंदूच्या उजव्या भागात झटका आला की काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. ताटातली भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. वर म्हणायचं, आज कोशिंबीर वाढली नाही. वहिनी, असं झालं तर हसू नका आणि रागावूही नका. ताट फिरवू नका, त्यालाच मान वळवून बघायला लावा. बोलायला बसाल तेव्हा त्याच्या डाव्या अंगाला बसा. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो तोही यामुळेच. हे डॉक्टरांना सांगा, त्यावरचे वेगळे व्यायाम असतात.

आता आखडण्याकडे येते. यात एकच सूत्र आहे: जोर नाही, वेळ. आखडलेला स्नायू झटक्यानं ओढला की उलट जास्त ताठतो. सावकाश ओढला तर हळूहळू सोडतो. म्हणून ताणायचं ते श्वास सोडत सोडत. शेवटाला पोचलं की वीस-तीस अंक मोजेपर्यंत तिथंच थांबायचं आणि तितक्याच सावकाश परत यायचं. हिसके द्यायचे नाहीत. दुखून ओरडायची वेळ आली तर ते चुकतंय. रग लागणं वेगळं आणि कळ येणं वेगळं.

वळलेली मूठ उघडायची तर बोटांच्या टोकाला धरून उचकटू नये. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवायचं, म्हणजे बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा बुडातून धरून बाहेर काढायचा, मग एकेक बोट, आणि सगळी उघडल्यावर मनगट हळूहळू सरळ. दिवसातून एकदा तरी मूठ उघडून तळहात धुऊन कोरडा करा. आत घाम साचून वास येतो, कातडी सडते, नखं रुततात. मऊ सुती फडक्याची गुंडाळी करून मुठीत ठेवली तर हवा लागते. आणि शेजारपाजारचे जो रबरी चेंडू आणून देतात, ‘दाबत बैस’ म्हणून, तो मूठ आधीच घट्ट वळत असेल तर बाजूला ठेव. मिटायची ताकद हाताला आहेच, उघडायची नाही. शिकवायचं ते उघडायला. त्यापेक्षा पलंगाच्या कडेला बस, डावा तळहात शेजारी गादीवर पसरून टेक, कोपर उजव्या हातानं सांभाळ आणि अंगाचा भार थोडा थोडा त्या हातावर सोड. हात सैल करायला माझ्या अनुभवात याच्याइतकं गुणकारी काही नाही.

अंग रोज सारखंच आखडत नाही, याचं नवल वाटून घेऊ नकोस. थंडीत जास्त, रागात जास्त, घाईत तर फारच. बस सुटायला आली की पाय नेमका त्याच वेळी काठी होतो. जांभई दिली की कोपरातून हात आपला आपण वर येतो. घाबरू नकोस, तो बरा होत असल्याची खूणही नाही आणि बिघडल्याचीही नाही. पण एके दिवशी एकाएकी नेहमीपेक्षा फार जास्त आखडलं, तर वहिनी, कारण शोधा. लघवी तुंबली आहे का, लघवीला जळजळ आहे का, पोट साफ झालं नाही का, नख मांसात गेलंय का, पाठीला कुठे जखम आहे का, चड्डीचं इलॅस्टिक काचतंय का. बधिर माणसाला दुखणं जाणवत नाही, पण त्याचे स्नायू ते जाणतात आणि ताठ होऊन दाखवतात. लघवीचा संसर्ग बरा झाला की पाय सैल पडलेला मी बघितलाय, आणि त्याच्यासाठी तोवर आखडण्याच्या गोळ्या वाढवून मागायचं चाललं होतं.

गोळ्यांचंही सांगून ठेवते. बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडीन यांनी आखडणं कमी होतं, पण झोप येते, अंग ढिलं पडतं. टिझॅनिडीननं रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येऊ शकते. बॅक्लोफेन चालू असेल तर संपली म्हणून दोन दिवस राहू दे, असं करायचं नाही. ती एकदम तोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानं. एकाच जागी, म्हणजे नुसत्या मुठीत किंवा पोटरीत जास्त आखडत असेल तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देतात. त्याचा गुण काही दिवसांनी दिसतो आणि साधारण तीन महिने टिकतो. ते तीन महिने व्यायामाला मिळालेले असतात. इंजेक्शन घेऊन गादीवर पडून राहायचं असेल तर पैसे वाया. आणि सगळा ताठरपणा घालवायच्या मागे लागू नकोस. पायात ताकद कमी असताना त्या ताठ गुडघ्याच्या जोरावरच तू उभा आहेस. तो पार सैल केला तर पाय खाली दुमडेल. म्हणून कुठला स्नायू सैल हवा आणि कुठला राहू द्यायचा हे तपासून ठरवतात.

पाऊल आत वळून बोटं जमिनीला घासत असतील तर पायाला प्लास्टिकचा स्प्लिंट मिळतो. तो तयार न घेता मापाचा करून घे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था १९५५ पासून आहे, तिथं स्प्लिंट आणि बूट करून देतात. नवा स्प्लिंट पहिल्या दिवशी थोडाच वेळ घालायचा आणि काढून बघायचं, कुठे लाल वळ उठलाय का. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर परत जाऊन घासून आणायचा.

वहिनी, आता शिवणाऱ्या बाईचं ऐका. त्याला उठवताना दुखऱ्या हाताला किंवा काखेत धरून कधी ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले असले की हाड खोबणीतून खाली सरकतं, आणि तो खांदा वर्षभर झोपू देत नाही. कमरेला जाड पट्टा बांधून त्याला धरा. कपडे घालताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. सदऱ्याचा मुंढा दोन बोटं मोठा ठेवा, बाही सैल. काजं शिवून बंद करा, बटणं वरून नुसती शोभेला लावा आणि आतून वेल्क्रोची पट्टी टाका. चारचौघांत सदरा तोच दिसतो आणि त्याला तो एका हातानं घालता येतो. लेंग्याची नाडी काढून रुंद इलॅस्टिक ओवा, अरुंद काचतं. लग्नाकार्याला जायचं म्हणून त्याला घाईनं तयार करू नका, अर्धा तास आधी सुरुवात करा.

आता बधिर बोटांना शिकवायचं. सगळं परत येईल असं वचन मी देत नाही, पण मेंदू नव्या वाटा करतो आणि त्या वापरानंच होतात. माझ्याकडे चिंध्यांची पिशवी होतीच. खादी, मांजरपाट, मलमल, मखमल, टॉवेल, नायलॉन असे तुकडे काढले. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या हातानं चोळायचे, मग बधिर बोटांनी, मग डोळे मिटून ओळखायचे. सुरुवात खडबडीतपासून, कारण टॉवेल आणि नायलॉन लवकर वेगळे कळतात, खादी आणि मांजरपाट शेवटी. मलमल मला अजून फसवते. तू बँकेतला माणूस, तुला नाण्यांनी बरं पडेल. तांदळाच्या डब्यात एक, पाच, दहा रुपयांची नाणी, किल्ली, बटण पुरून ठेव आणि न बघता काढ. दूरदर्शनवर मालिका चालू असताना हे करू नकोस. लक्ष त्याच बोटावर नसेल तर तो नुसता चाळा. थोडा वेळ, पण दिवसातून दोन-तीनदा. आणि घरकामात डाव्या हाताला धरायचं काम दे. मटार सोलताना दाणे उजव्यानं काढ, शेंग डाव्यानं धर. वहिनी कणीक मळताना परात त्यानं धरायची. आपल्याला चांगल्या हातानंच सगळं उरकायची सवय लागते आणि दुखरा हात काम विसरत जातो. एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं यावर आयुष्य घालवलं. चांगल्या हाताला मोजा बांधून दुखऱ्याला कामाला लावायची पद्धत त्याचीच. पण ती ज्याच्या मनगट-बोटांत थोडी तरी हालचाल आहे त्यालाच, आणि शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

आणि अंग पुरतं सुटलं नाही म्हणून काम थांबत नाही. लुई पाश्चर या शास्त्रज्ञांना १८६८ साली पंचेचाळिसाव्या वर्षी झटका आला. तुझ्यासारखीच डावी बाजू. ते हात-पाय शेवटपर्यंत पुरते सुटले नाहीत. पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला त्यांची लस टोचली ती १८८५ साली, म्हणजे सतरा वर्षं तसं अंग वागवल्यानंतर. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा भराभर होते, पुढे मंदावते हे खरं. सहा महिन्यांनंतर दार बंद होतं, हे मात्र खोटं.

कधी कधी बधिर अंगच दुखायला लागतं. आग होते, गार वारा सुरीसारखा लागतो, पांघरूण सहन होत नाही. हे झटक्यानंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी सुरू होऊ शकतं. लोकांना पटत नाही, ‘कळत नाही म्हणतोस आणि दुखतंही म्हणतोस?’ पण १९०६ सालीच देजेरिन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय. साध्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी ते थांबत नाही, त्याला मज्जातंतूंची वेगळी औषधं लागतात. मेंदूविकाराच्या डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांग: जळतं, टोचतं, गारानं वाढतं. वहिनी, हे नाटक नव्हे.

मन उदास होण्याचंही तसंच. झटका आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. रडू आलं तर रड, पण दोन आठवडे जेवण-झोप गेली तर डॉक्टरांना सांग. थकवाही खरा असतो, दुपारची झोप हक्कानं घे.

कबुतराचं रक्त चोळणारे, पुडीतली राखाडी भुकटी देणारे येतीलच. रक्तानं हात बरा होत नाही. आणि पुडीत काय आहे हे कागदावर लिहून देत नाही त्याची पुडी पोटात घालायची नाही. रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची गोळी त्या भुकटीसाठी तर मुळीच थांबवायची नाही. लोणचं, पापड कमी कर. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट चमचाभर.

शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे दोघांनी ऐका. जुना बधिरपणा रोज सोबत असतो, म्हणून नवा आला तर ‘तेच आहे’ असं वाटतं. ताप आला, जागरण झालं की जुनी लक्षणं तात्पुरती वाढतात हेही खरं. पण घरात बसून ते ठरवता येत नाही. बधिरपणा एकाएकी वाढला, दुसऱ्या बाजूला आला, तोंड वाकडं झालं, शब्द फिरले, दिसेनासं झालं, तोल गेला, यातलं एकही झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, तेल चोळत बसू नका, पाणी पाजू नका, आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. गोळ्यांची यादी आणि जुनी फाइल दाराजवळच्या खुंटीला पिशवीत कायम टांगून ठेवा, आणि निघताना, तो शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते लिहून घ्या. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून मोजतात, दवाखान्याच्या दारापासून नाही.